ठकूबाईनं पेठेला डिवचलं त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वी, विजेचे माग यायच्याही कितीतरी आधी, चौमाग पेठेत ठकूबाई नावाची कोष्टीण राहत होती. पेठेत चार गल्ल्या. एकीत तेलुगू पद्मसाळी, दुसरीत कानडी विणकर, तिसरीत मोमीन, चौथीत आपले मराठी कोष्टी. भाषा चार, पण मोठा रस्ता एकच, आणि सगळ्यांची पाजणी त्याच रस्त्यावर.

पाजणी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागावर चढवायचा ताणा, म्हणजे उभं सूत, सकाळी रस्त्यात लांबच्या लांब ताणायचा. त्याला खळ लावायची. मग दोन्ही बाजूंनी आठ-दहा जणांनी कुंचे घेऊन, पावलाला पाऊल जुळवून, ती खळ सुतात जिरवत चालायचं. ऊन चढायच्या आत काम उरकलं पाहिजे. हात थांबला की सुताला सूत चिकटलं, ताणा मातीत गेला. एका घराची माणसं पुरत नाहीत, म्हणून आज तुझ्या ताण्याला मी, उद्या माझ्याला तू. आणि पाऊल जुळावं म्हणून गाणं.

ठकूबाईला अक्षर येत नव्हतं. नव्हतं येत तर नव्हतं. तिनं तोंड उघडलं की गाणं जुळायचं. असं म्हणतात की जन्मली तेव्हा ती रडलीसुद्धा तालात.

एका साली एका बड्या व्यापाऱ्यानं पेठेत दवंडी पिटवली. जत्रेला पेठेच्या कवीला जरीचं पागोटं बांधणार, पण कवी एकच हवा. झालं! चारही गल्ल्यांत आग लागली. कानडी गल्लीचे म्हातारे गुरसिद्धाप्पा म्हणाले, "आमची पाळण्यातली पोरं पदं म्हणतात, तुमचं काय सांगता?" मोमीन गल्लीच्या बिबनखालानं दारातूनच हात उडवला, "अजी जाव! शायरी तो हमारे घरकी बकरीकू बी आती!" तेलुगू गप्प बसले का? नाही. आणि मराठी तर मुळीच नाही. बोलणं तुटलं, मग हात तुटले. कुणी कुणाच्या ताण्याला कुंचा लावेना.

तेलुगू गल्लीच्या तोंडाशी राजव्वा राहायची. घरधनी वारलेला, पदरात सहा महिन्यांचं पोर. तिच्या ताण्याला ठकूबाईनं हात लावायचा नाही, असं मराठी गल्लीनं बजावलं होतं. आणि राजव्वानं ठकूबाईला हाक मारली म्हणून तिच्याच गल्लीनं तिच्याकडे पाठ फिरवली होती. पण मागे ठकूबाई तापानं महिनाभर पडली होती, तेव्हा तिच्या लेकीला याच राजव्वानं अंगावर पाजलं होतं. ते ठकूबाई विसरली नव्हती.

एका सकाळी राजव्वानं एकटीनंच ताणा रस्त्यात घातला, खळ लावली. तो ताणा गेला असता तर माग बंद, आणि पोर घेऊन पेठ सोडायची. ठकूबाई कुंचा घेऊन धावली. पण दोन बायांनी एवढा ताणा कसा आवरायचा? उन्हाची तिरीप भिंतीवर आली. खळ सुकायला लागली. राजव्वा म्हणाली, "अक्का, राहू दे. गेलं ते."

"गेलं कसं? मी आहे ना!" ठकूबाई ओरडली. तिनं पदर खोचला, आणि हात न थांबवता मोडक्यातोडक्या तेलुगूत गायला लागली. काय गायली? म्हणाली, "तेलुगू गल्लीची चटणी चाखली, गुळासारखी गोड, तिखटाला भ्याली माणसं, दार लावून गप."

धाडकन सहा दारं उघडली. चटणीला गोड म्हणते? बाया तणतणत आल्या. "तोंड सांभाळ, ठके!" "गाऊन सांग," ती म्हणाली, आणि एकेकीच्या हातात कुंचा दिला. त्या गाऊन भांडल्या. भांडता भांडता पाऊल पडलं, कुंचा चालला.

मग कानडीत, "आप्पांची कडक भाकरी, ओल्या पोत्याहून मऊ." गुरसिद्धाप्पा काठी आपटत आले, मागून त्यांच्या तीन सुना. मग मोमीन गल्लीकडे तोंड करून,

"खालाकी खीर पतली, उसमें नही शक्कर,
पीते पीते मेहमानकू आ गया चक्कर!"

बिबनखाला ओढणी सावरत बाहेर. "ठैर, तेरेकू दिखाती!" तिनंही जोडून दिलं,

"ठकूकी भाकर मोटी, जैसा रस्तेका पत्थर,
खाके दाँत गिर गए, कुत्ता भागा उठकर!"

पेठ हसली. मराठी गल्लीतून कुणी ओरडलं, "ठकू, परक्यांसाठी गळा फोडतेस?" त्यांना तिनं जे ऐकवलं ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही. पण तेही आले.

असं म्हणतात की तळहाताएवढा एक ढग सूर्यापुढे येऊन उभा राहिला, आणि शेवटचं सूत पाजून होईपर्यंत हलला नाही. खळीची हंडी रिकामी झाली नाही. ताणा असा गुळगुळीत झाला की त्यावर बसलेली चिमणी घसरून पडली.

जत्रेला व्यापारी पागोटं घेऊन आला तेव्हा चारही गल्ल्यांनी ठकूबाईकडे बोट केलं. ती म्हणाली, "डोक्यावर माझ्या पाण्याची घागर असते. हे कुठं ठेवू?" तिनं पागोटं उलगडलं आणि राजव्वाच्या पोराला त्याची झोळी बांधली. व्यापाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणतात.

आता ताणे गिरणीतून पाजून येतात. रस्त्यावर रिक्षा उभ्या असतात. पण जत्रेच्या महिनाभर आधी पेठ अजून आपला कवी निवडते. स्वतःच्या गल्लीतला निवडायचा नाही, दुसऱ्याच गल्लीतला. आणि निवडलेल्यानं, ज्या घराशी आपलं बोलणं नाही त्या घरापुढे जाऊन, त्यांच्याच भाषेत डिवचायचं. घरानं गाऊन उत्तर दिलं तरच कवी. भाषा चुकली तर लोक हसतात. हसू देत.

गेल्या साली निवडलेली पद्मसाळ्यांची सून नव्यानं झालेल्या पाचव्या गल्लीत गेली. तिथं बिहारकडची माणसं नव्यानं राहायला आलेली, पेठेत कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. ही पंधरा दिवस कुणाकडून तरी त्यांची भाषा शिकली आणि फुलमतिया नावाच्या बाईच्या दारात उभी राहून म्हणाली, तुझी भाजलेली लिट्टी म्हणजे विटेचा तुकडा आणि वांग्याचा चोखा म्हणजे चिखल. फुलमतिया लाटणं घेऊन बाहेर आली. लोक मागे सरले. तिनं लाटण्यानं उंबऱ्यावर ठेका धरला आणि असं काही गायली की सगळी पेठ तिच्या दारात गोळा झाली.

यंदा कवी फुलमतिया आहे.