गेनूचा बोगदा

टेकडीत सोने होते, म्हणून टेकडीवर गवत नव्हते. सोन्याचा पहिला कण एका कोंबडीने उकरला आणि दाणा नव्हे म्हणून थुंकून टाकला. तोवर घुशींनी बिऱ्हाडे आणली होती आणि मुंगूस त्यांचा मुकादम झाला होता. त्याला खोदता येत नव्हते, हीच त्याची पात्रता.

वस्ती वाढली, सोने आटले. घुशी खोल खोल गेल्या. बोगदा ढासळून कोणी आत राहिले, की मुंगूस बोगद्याला त्याचे नाव देई आणि तोंडाशी हार घाली. प्रेत काढायची पद्धत नव्हती. खोदायचे ते सोन्यासाठीच, असा नियम होता. थोड्याच वर्षांत वस्तीतली सगळी चांगली नावे जमिनीखाली गेली.

एके सकाळी गेनू आत राहिला. त्याचा धाकटा भाऊ सोमा मुंगसासमोर उभा राहिला.

"मुकादम, दादाला काढा."

"नाव दिलंय की! हारही दुहेरी घातलाय."

"मला दादा पाहिजे."

"त्याच्यासाठी पन्नास घुशी लावू? सोन्याचा होता का रे तो?"

सोमाच्या डोक्यात सणक गेली. "होता! सोन्याची जाड रेघ सापडली म्हणून पुढं गेला तो. अंगभर कण चिकटले होते. मी पाहिलंय!"

त्याने काहीच पाहिले नव्हते. पण दुपारपर्यंत सगळी वस्ती गेनूच्या बोगद्यात होती. कमरेने वाकलेला एक म्हातारा सर्वांत पुढे माती उपसत होता.

"मामा, तुमची कंबर?" मागच्याने विचारले.

"कंबर राहू दे, पाटी सरकव!"

मुंगसाने जन्मात प्रथमच नखे मळवली.

तिसऱ्या दिवशी गेनू सापडला. तोंड बाहेरच्या बाजूला होते. त्याला उचलताना मुंगूस ओरडला, "सांभाळून! एक कणही सांडू नका!" चौघांनी त्याला खांद्यावर घेतले. मागून सगळी वस्ती, मान खाली घालून, वाटेवर काही पडते का ते बघत चालली.

ओढ्यावर सोन्यासाठी माती धुणारे बेडूक पराती घेऊन बसले होते. त्यांनी गेनूला फळीवर निजवले. एकाने मिशा केसाकेसाने धुतल्या, दुसऱ्याने नखांतली माती काडीने काढली. सगळे श्वास रोखून गेनूकडे पाहत होते.

सोमा तांब्याने पाणी घालत होता.

"कानामागं राहिलं," तो म्हणाला.