कासवाच्या पाठीवरचं जाळं

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला आईनं बजावलेलं आहे. म्हणून हळूच सांगते.

एका मुलखाच्या मधोमध रुंद पाणी होतं आणि ते ओलांडायला एकच मोठं कासव होतं. कासव कुणा एकाचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. त्याच्या कवचावर तसं कोरलेलंही होतं; पण रोजच्या पायांनी ती अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती. प्रवाशांवर लक्ष ठेवायला खेकडे नेमलेले होते. त्यांचे डोळे दांड्यांवर उभे असत आणि कधी मिटत नसत. कोण कुठे बसलं, कुणी काय खाल्लं, सगळं त्यांना दिसे. त्याला कुणाची हरकत नव्हती.

कवचाच्या एका उंचवट्यावर बसून तंती नावाची बारकीशी कोळीण रोज पलीकडे जाई. तिला चारचौघांत बोलायला जमत नसे. जे दिसे ते ती विणे. पेंगणारा बेडूक, कान खाजवणारं मुंगूस, सगळं हुबेहूब. संध्याकाळी ते जाळं ती खाऊन टाकी. कोळिणींकडे सूत फार नसतं. आजचं गिळलं तरच उद्याचं निघतं.

कवचाच्या कडेचं एक खवलं निखळून पाण्यात गेलं होतं. खेकड्यांनी त्या भोकावर कमळाचं पान अंथरलं होतं. ते पान रोज बदलत, अगदी ताजं ठेवत. एके दिवशी चिचुंद्रीचं पिल्लू खेळता खेळता त्या पानावर जाऊन बसलं आणि पानासकट खाली गेलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही.

"पिल्लू चढलंच नव्हतं," थोरला खेकडा म्हणाला. "आमच्या नजरेतून काही सुटत नाही, चिचुंदरबाई. तुम्ही एकट्याच चढलात."

चिचुंद्रीला धड दिसत नसे. ती ज्याला त्याला विचारत सुटली. बेडूक म्हणाला, मी पेंगत होतो. मुंगूस पाण्याकडे बघत राहिलं.

त्या संध्याकाळी तंतीनं जाळं खाल्लं नाही. त्यात सगळं होतं. पान अंथरणारी नांगी होती, पान होतं, पानावरचं पिल्लू होतं. ते चिचुंद्रीला द्यायचं तिनं ठरवलं. पण तंती सरळ वळणाची. दुसऱ्या दिवशी कासवावर चढल्यावर तिनं आधी थोरल्या खेकड्याला विचारलं, "दादा, हे यांना देऊ का?" विचारलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

खेकड्याचे दोन्ही डोळे जाळ्याकडे वळले. त्यानं नांगी आपटली. कासव भर पाण्यात थांबलं.

"इथे विणायला बंदी आहे."

"कुठे लिहिलंय?" तंतीनं विचारलं. आवाज इतका बारीक की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"लिहिलेलं नाही म्हणून तर सांगावं लागतंय."

"पण मी दिसलं तेवढंच…"

"बघायला कोण नको म्हणतंय? खुशाल बघ. ठेवून घ्यायचं नाही. ते गिळ, मग कासव हलेल."

तंतीला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोलले सगळेच.

"गिळ की गं बाई! रोज तर गिळतेस," मुंगूस म्हणालं.

"तिकडे माझी माशी ताटकळली असेल," बेडूक म्हणाला, आणि चौघं-पाचजण हसले.

"आणि माझी हनुवटी कुणाला विचारून विणलीस गं?" घोरपडीनं फणकाऱ्यानं विचारलं.

चिचुंद्री जाळ्याला अगदी डोळे टेकवून उभी होती. "जरा थांबा हो," ती म्हणाली. "मला अजून त्याचे कान सापडायचेत."

कुणी थांबायला तयार नव्हतं. तंतीनं कडेपासून गिळायला सुरुवात केली. नांगी गेली, पान गेलं. पिल्लू तिनं सर्वांत शेवटी ठेवलं होतं. मग तेही गेलं. कासव हललं.

काही दिवसांनी खेकड्यांनी तिला बोलावून काम दिलं. धक्क्यावर टांगायला कासवाचं मोठं जाळं विणायचं. कवच अखंड हवं, खेकडे हसरे हवेत. नाही म्हणायला तिला जमलं नाही. तिनं मन लावून विणलं. पण सूत तेच होतं. कितीही फेरे घातले तरी कवचाच्या कडेची एक जागा भरेना. सूत तिथवर येई आणि वळसा घालून पुढे जाई. खेकड्यांनी आपापली तोंडं तेवढी पाहिली आणि जाळं टांगलं. येणारे-जाणारे म्हणत, नक्षी छान जमलीय.

एके सकाळी चिचुंद्री धक्क्यावर आली. गर्दी उतरून गेल्यावर ती जाळ्यापाशी थांबली, आधी नाक लावलं, मग पंजा उचलला. त्या रिकाम्या जागेच्या काठाकाठानं तो तिनं सावकाश फिरवत नेला, पाठीवरून, मानेवरून, आणि वरच्या दोन इवल्या वळणांपाशी आल्यावर तिचा पंजा…

आले गं, आई! नाही, काही लिहून ठेवत नाहीये. आले.