काट्यांच्या बागेत तांब्याभर पाणी

एका नगरातल्या राजाला काय हौस आली कोण जाणे, त्याने भर वस्तीत निवडुंगांची बाग केली. कुणी खांबासारखा उंच, कुणी भोपळ्यासारखा गोल. लोक बघायला येत, बोट टोचून घेत आणि वर झाडालाच बोल लावत.

बाग राखायला भिवा माळी आणि त्याची बायको तानी. लग्न झालं त्या साली तानीने तिथे गोल निवडुंगाचं लिंबाएवढं एक पिल्लू लावलं होतं. वाढत वाढत ते घागरीएवढं झालं, आणि यंदा पहिल्यांदाच त्याच्या माथ्यावर कळ्या धरल्या. दोघांना पोरबाळ नव्हतं. उठल्यासुटल्या ती त्या कळ्या बघायची.

त्याच नगरात चिमाक्का नावाची एक फार दयाळू बाई होती. ती बाग बघायला आली. भेगाळलेली माती दिसताच तिचा जीव कळवळला आणि तिने हातातला तांब्या तानीच्या त्या गोल निवडुंगाच्या बुडाशी रिता केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. भिवाने हात जोडून सांगितलं, याला फार पाणी सोसत नाही, बूड सडतं. तर तीच त्याच्यावर उखडली. तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढतोस, तू माळी की वैरी, म्हणाली. त्याने कुंपण घातलं, तर ही काठीला तांब्या बांधून पलीकडून ओतायला लागली. बघणारेही तिचीच बाजू घेत. पुण्य लागतं म्हणून पुढे तेही आपापले तांबे आणू लागले. भिवाने कपाळाला हात लावला.

तानी म्हणाली, "तुम्ही आता काही बोलू नका." आणि तिने आक्काला जेवायचं बोलावणं धाडलं.

पुरणपोळ्यांचा बेत होता. आक्का पोटभर जेवली, पाणी प्यायली. तानीने आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. आक्का पुरे म्हणाली, तरी दुसरी वाढली. मग तिसरी.

"अगं, पोट फुटेल माझं."

"असं कसं, आक्का? मला तर तुम्ही उपाशीच दिसता."

शेवटी आक्का पानावर ओणवी झाली आणि तिने दोन्ही हात आडवे धरले. तेव्हा तानीने पोळीचं ताट खाली ठेवलं.

"तुम्हाला हात आहेत, तुम्ही आडवे धरलेत. त्या झाडाने काय आडवं धरायचं?"

 आक्का उष्ट्या हातानेच उठून बागेत गेली. काटे चुकवून तिने निवडुंगाच्या बुडाला बोट लावलं, तर पिकल्या पपईत जावं तसं ते आत रुतलं. कळ्या काळ्या पडून मातीत गळाल्या होत्या.

"मी तर पाणीच घातलं गं," आक्का मागोमाग आलेल्या तानीला म्हणाली.

 तानीने पदर खोचला आणि सडलेलं झाड उपटायला भिवाला हातभार लावला.

तात्पर्य एवढंच: दया आली तरी समोरच्याला काय हवं ते आधी बघावं; आपल्या समाधानासाठी केलेलं दान घेणाऱ्याच्या जिवावर उठतं.