भरलेला ग्लास

आमच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस एकेक करून नोकरी सोडायला लागल्या, तेव्हा डायरेक्टर शिरगोपीकर साहेबांनी माणसं वाढवली नाहीत. ताण कसा घालवावा यावर त्यांनी स्वतःचंच भाषण ठेवलं. सक्तीचं, अर्थातच. रात्रपाळी करून दमलेल्यांनाही घरी सोडलं नाही.

पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या इंगवले सिस्टरना साहेबांनी उभं केलं, पाण्याने भरलेला ग्लास हातात दिला आणि हात ताठ धरायला सांगितला. मग ते बोलतच सुटले. सिस्टरांचा हात थरथरायला लागला.

"बघा!" साहेब खुलले. "ग्लास हलकाच आहे. तुम्ही तो धरून बसता म्हणून जड होतो. ताणाचंही तसंच असतं. ठेवा खाली!"

सिस्टरनी ठेवला नाही.

"अहो, ठेवा ना!"

"आमच्यात असं खाली ठेवून जात नाहीत, साहेब," सिस्टर थकल्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या पाळीच्या सिस्टरच्या हातात देतो, मगच घरी जातो. तिचीच वाट बघतेय."

"मग कुठे आहे ती?"

"गेल्या महिन्यात सोडून गेली. तिच्या जागी तुम्ही अजून कोणाला घेतलं नाही."

काहीतरी करायचं म्हणून साहेबांनी ग्लासासाठी हात पुढे केला. सिस्टरनी तो नीट त्यांच्या हातात दिला, पर्स उचलली आणि त्या झोपायला घरी गेल्या.

साहेबांच्या शेजारीच टेबल होतं. पण सगळ्या नर्सेस त्यांच्या हाताकडे बघत होत्या, आणि साहेबांना काही तो ग्लास खाली ठेवता येईना.