ओताऱ्याचे आठ दिवस

मंडळी, लहान असा की थोर, एक सांगा बरं: आपलं माणूस संकटात असताना हातातली हातोडी खाली ठेवून स्वस्थ राहणं तुम्हाला जमेल का?

एका ओताऱ्यावर ती वेळ आली होती. गोष्ट जुनी आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

गाव खाडीच्या काठावर होतं. हिवाळ्यात तिथे असं धुकं उतरे की आपलाच हात आपल्याला दिसू नये. तेव्हा काठावरची मोठी घंटा वाजवत, आणि तिच्या आवाजाच्या रोखाने नावा खडक चुकवून घरी येत. एका हिवाळ्यात ती घंटा तडकली. त्याच आठवड्यात एक नाव खडकावर आपटली आणि चार माणसं परतली नाहीत.

नवी घंटा ओतायचं काम गावच्या ओताऱ्याकडे आलं. त्याच्या हातात कसब होतं, पण जिवाला दम नव्हता. मोठी घंटा ओतली की साच्याच्या मातीत ती आठ दिवस निवू द्यायची, हा त्या धंद्याचा नेम. हा तिसऱ्या दिवशीच साचा फोडायचा. आतली घंटा धगधगती असायची, तिला गार वारा लागायचा आणि काठाला तडा जायचा. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्याने दोष मातीला दिला.

त्याची बायको म्हणाली, "साचा म्हणजे काय तव्यावरची भाकरी आहे, सारखी उलटून बघायला?"

तो चिडला. फुटलेल्या घंटेचं कासं पुन्हा वितळवता येतं, गेलेले दिवस परत येत नाहीत. पुढच्या हिवाळ्याच्या धुक्याला आता दोनच महिने उरले होते.

त्याची म्हातारी आत्या जन्मभर भट्टीपाशी वावरलेली. तिने त्याला दहा दिवस डोंगरावर जाऊन यायला सांगितलं.

"आत्या, इथं जीव टांगणीला लागलाय आणि तू मला फिरायला पाठवतेस?"

"तुझ्या कानात तुझीच हातोडी वाजतेय, बाबा. जरा दुसरं काही ऐकून ये."

तो निघाला. पहिले तीन दिवस कुणी मागे लागल्यासारखा चालला. काय पाहिलं, काय खाल्लं, काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. चौथ्या दिवशी एका कड्यावर त्याला एक धनगर दिसला. दरीपलीकडच्या भावाला त्याने हाक घातली. हाक किंचाळल्यासारखी नव्हती. पोटातून आलेली, खोल, लांब. एकच हाक घालून तो गप्प बसला.

ओताऱ्याला ती शांतता सोसेना. पुन्हा का ओरडत नाहीस, असं त्याने विचारलं.

"मीच ओरडत बसलो तर त्याचं ऐकू कधी?" धनगर म्हणाला.

बऱ्याच वेळाने दरीपलीकडून उत्तर आलं.

ओतारी दिवस मावळेपर्यंत त्या कड्यावर बसून राहिला. दोन्ही फुटक्या घंटा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. माती चांगली होती, हात उतावळे होते, हे त्याने प्रथमच स्वतःशी कबूल केलं. आणि मग, न बोलावता, नवी घंटा त्याच्या मनात उभी राहिली: तोंड रुंद, काठ जाड, आवाज खोल.

परतल्यावर त्याने तसा साचा घडवला, वाळवला आणि कासं ओतलं. तीन दिवस गेले, पाच गेले. त्याने साच्याला हात लावला नाही.

सातव्या दिवशी दुपार कलताना धुकं उतरलं, नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधी. पैलतीरी बाजाराला गेलेली नाव अजून खाडीतच होती. नावेत अकरा माणसं होती आणि त्यांत ओताऱ्याची बायकोही होती.

अख्खं गाव भट्टीवर धावून आलं. साचा फोड म्हणून जो तो ओरडू लागला. एका दिवसाने काय बिघडतंय, असं नावाड्याचा भाऊ विचारत होता.

ओताऱ्याने साच्यावर तळहात ठेवला. तापातल्या लेकराच्या कपाळासारखा तो अजून ऊन होता. त्याने हातोडी उचलली. घंटा तडकली, तर ही नाव जाईल आणि हिवाळाभर येणाऱ्या नावाही जातील.

त्याने हातोडी खाली ठेवली.

"माझी बायको आहे त्या नावेत," तो म्हणाला. "म्हणूनच फोडत नाही."

लोकांनी त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं आणि काठावर जाऊन ताटं-पातेली बडवायला सुरुवात केली. ओतारी मागोमाग गेला. त्याने हात जोडून सगळ्यांना गप्प केलं. मग पोटातून एकच हाक घातली, खोल आणि लांब, आणि थांबला.

काही ऐकू आलं नाही. लोक चुळबुळू लागले. त्याने पुन्हा हात जोडले.

खूप वेळाने धुक्यातून नावाड्याचा पुसट आवाज आला. आवाज लांबचा होता, म्हणजे नाव अजून खडकांपर्यंत पोचली नव्हती. ओताऱ्याने ओरडून सांगितलं, "नांगर टाका. सकाळपर्यंत हलू नका."

ते हलले नाहीत. काठावरचंही कुणी घरी गेलं नाही.

बाळांनो, काम हात करतात, पण ते तडीला नेतो तो धीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं तसंच असताना, ओताऱ्याने साचा फोडला. घंटा अखंड निघाली, काठावर टांगली गेली, आणि तिच्या आवाजाच्या रोखाने नाव अकराही माणसांसह धक्क्याला लागली.