उसनी झोप

पाय आत घ्या आधी. मुकुंदा, गोधडी ओढू नकोस, छबूच्या अंगावर काही राहिलं नाही बघ. हं. आता मधे बोलायचं नाही. मधे बोललं की गोष्ट विसरते मी, आणि मग तुम्हीच भुणभुण लावता.

तर एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. डोंगर कसा, तर कुशीवर निजलेल्या माणसासारखा. इकडे खांदा, मधे कंबर, तिकडे लांबवर पाय. वारा सुटला की त्याच्या कपारींतून घुर्र घुर्र आवाज यायचा. म्हणून लोक त्याला घोरोबा म्हणायचे. हसा, हसा. पण हळू हसा, आजोबा आत निजलेत.

त्या गावात रखमाजी नावाचा राखणदार होता. उभा जन्म त्यानं रात्रीची गस्त घातली. हातात घुंगुरकाठी घ्यायची, ती आपटत गल्लीगल्लीतून फिरायचं आणि हाळी द्यायची, "निजा रे निजा, मी आहे जागा!" ती हाळी ऐकली की तान्ही पोरंसुद्धा कूस बदलून झोपायची. चोर तर त्या गावाची वाटच विसरले होते.

मग रखमाजी म्हातारा झाला. बायको आधीच गेली होती. घरात तो आणि त्याची लेक आवडी, दोघंच. रखमाजीला खोकला लागला, हात थरथरायला लागले, अंगात कणकण राहायला लागली. काठी खुंटीला लागली. गावानं दुसरा राखणदार नेमला का? छे! चोर येत नाहीत तर राखणदार कशाला, म्हणाले. चोर का येत नव्हते, ते कुणाच्या डोक्यात आलंच नाही. असतात अशी माणसं.

आवडीनं वैद्यबुवांना आणलं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "औषध आहे माझ्याकडे. पण ते झोपेतच लागू पडतं, बरं का. म्हाताऱ्याला झोप लागली तर उठेल, नाही लागली तर मग काही खरं नाही."

आता झोप कुठली लागायला? उभा जन्म जागलेले डोळे ते. आवडी त्याचे पाय चेपायची, कपाळाला तेल लावायची. म्हातारा डोळे मिटायचा आणि लगेच उघडायचा. "आवडे, दार लावलं का? पलीकडच्या आळीला कुत्रं भुंकतंय, जाऊन बघू का?"

"आबा, निजा हो आता."

"मी निजल्यावर राखण कोण करील?"

मग आवडीनं काय केलं, आपली स्वतःची झोप त्याला दिली. आईबापासाठी पोरं देतात, पोरांसाठी आईबाप देतात. पण एका माणसाची झोप ती केवढीशी! चारदोन दिवसांत संपली. तिच्या डोळ्यांत काही उरलं नाही आणि म्हातारा पुन्हा टक्क जागा.

मग ती उसनी मागायला निघाली.

पहिल्यांदा गेली वाण्याच्या मांजराकडे. ते गुळाच्या ढेपेला पाठ लावून दिवसभर पसरलेलं असायचं. त्याच्याकडे झोपेची काय कमी! मांजरानं एक डोळा उघडला. म्हणालं, "देते. पण एका करवंटीच्या दोन करवंट्या परत पाहिजेत." आवडी म्हणाली, बरं. काय करणार, अडलेला माणूस बरंच म्हणतो. मांजरानं करवंटीत झोप काढून दिली. दुधाच्या सायीसारखी, ऊन ऊन. आवडीनं ती बापाच्या उशाशी ओतली. रखमाजीला झोप लागली. पण मांजराचीच ती. जरा कुठं पान हललं की याचे कान टवकारले. उंदीर पळाला की हा उठून बसला. एक दिवस तर म्हातारा फळीवरच्या दुधाकडे बघून ओठ चाटायला लागला. औषध थोडंसं लागू पडलं, झालं.

तोवर मांजर दारात येऊन बसलं. म्याव म्याव नाही, नुसतं बघत बसलं. बघणारा सावकार ओरडणाऱ्यापेक्षा वाईट.

मग आवडी गेली पडक्या विहिरीतल्या अजगराकडे. अजगराला झोपेतून उठवायलाच अर्धा दिवस गेला. तो म्हणाला, "नेऽऽ. कळशीभर ने. पण एका कळशीच्या दोन." आवडीनं कळशी आणली. त्यातली दोन करवंट्या झोप मांजराला दिली. वर थोडं लोणी ठेवलं, कारण तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की, दुसऱ्याचं भांडं नुसतं परत द्यायचं नाही. वर काहीतरी घालायचं. साखर असो, चार फुलं असोत. तुमची आई नाही का शेजारच्या काकूंचा डबा परत देताना त्यात काहीबाही घालते? तेच ते.

उरलेली झोप तिनं बापाला दिली. ही झोप गार आणि जड, ओल्या मातीसारखी. रखमाजी निजला तो निजलाच. कूस नाही, हूं नाही, चूं नाही. पेज भरवायची तरी कशी? खोकला थांबला खरा, पण म्हातारा वाळून काटकी झाला. आणि झोप संपली तसा दचकून उठला. "आवडे, किती वेळ निजलो गं मी? गावाचं काय झालं?"

बाहेर अजगर कुंपणाला वेटोळं घालून वाट बघत होता.

आता आवडीची काय दशा झाली असेल! डोळे लाल, डोकं जड. आमटीत मीठ म्हणून रांगोळी घातली. शेळी समजून वैद्यबुवांच्या उपरण्यालाच दावं बांधलं आणि त्यांना गोठ्याकडे ओढायला लागली. हसू नका रे, तिला हसू येत नव्हतं. तिला बापाचा राग आला होता. हो, येतो राग. पाणी दे म्हटलं की राग, पाणी नको म्हटलं की राग. मग राग आला म्हणून वाईट वाटायचं, आणि ती गोठ्यात जाऊन शेळीच्या मानेवर डोकं ठेवून रडायची. बापावर माया नव्हती असं नाही हं. दमली होती पोर.

शेवटी ती घोरोबाकडे गेली.

दुपारची वेळ होती. डोंगराच्या कानाशी, म्हणजे वरच्या कपारीशी, जाऊन तिनं हाक मारली. तिसऱ्या हाकेला घुर्र घुर्र थांबलं. डोंगर डोळे न उघडताच बोलला, "कोण गं?"

"मी आवडी. रखमाजीची लेक. आबांसाठी झोप पाहिजे होती."

"ने. हंडाभर ने. दामदुप्पट-बिमदुप्पट मला नको. जेवढी नेलीस तेवढी पुनवेला परत आण."

आवडीला वाटलं, देवच भेटला. पण डोंगर पुढं म्हणाला, "नाही आणलीस तर तू ये. माझ्या कुशीला दगड होऊन निजायचं." आणि तिनं पाहिलं तर खरंच, त्याच्या पाठीशी दगडच दगड पडले होते. एक बसल्यासारखा, एक हात जोडल्यासारखा. घाबरला का रे? घाबरू नका, गोष्ट माझी आहे, मी कुणाला दगड करून ठेवीन का?

आवडीनं त्याचा हंडा घेतला. त्यातून अजगराच्या दोन कळश्या भरल्या, वर एक अंडं ठेवलं, अजगर गेला. उरली ती बापाच्या उशाला. डोंगराची झोप कशी, तर धुक्यासारखी मऊ आणि शांत. रखमाजी छान निजायचा, भूक लागली की उठायचा, पेज प्यायचा, औषध घ्यायचा, पुन्हा निजायचा. कणकण गेली. हात थरथरायचे थांबले. एक दिवस उठून स्वतः अंगणात जाऊन बसला. आवडीला इतका आनंद झाला! आणि मग तिनं हंड्यात डोकावलं. हंड्यात तळ दिसत होता. आणि पुनव उद्यावर आली होती.

पुनवेच्या दिवशी दुपारी तिनं रिकामा हंडा घासला, पुसला. झोप तर नव्हती. मी दगड झाले तर आबांना पाणी कोण देईल, एवढंच तिच्या मनात. पण आईची शिकवण काही सुटेना. हंडा रिकामा कसा न्यायचा? तिनं पिठाचा डबा पाहिला, खडखडीत. गुळाचा पाहिला, मुंग्यासुद्धा निघून गेलेल्या. साखर नाही, लोणी नाही. मिठाच्या बरणीत, काय सांगू, रांगोळी.

रखमाजी ओट्यावरून बघत होता. "आवडे, काय शोधतेस? आणि तुझे डोळे गं असे का?"

मग तिला राहवलं नाही. मांजर, अजगर, घोरोबा, सगळं तिनं भडाभडा सांगून टाकलं. म्हातारा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. "माझ्यापायी एवढं उसनं केलंस? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? अंथरुणातून उठता येत नव्हतं तुम्हाला."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. म्हणाला, "बरं, भांडं नुसतं न्यायचं नाही, हे खरं. घरात जे जास्त आहे ते घाल."

आवडी फणकारली. "घरात जास्त काय आहे? जागरण आहे! तुमचं उभ्या जन्माचं आणि माझं एवढ्या दिवसांचं. तेवढंच आहे ढीगभर."

"मग तेच घाल की," रखमाजी म्हणाला.

मग आवडी हंड्यावर वाकली आणि तिनं डोळे चोळले. तर काय, डोळ्यांतून जाग पडायला लागली! जाग कशी असते ठाऊक आहे? लख्ख पांढरी, आणि टणाटण उडते, खापरातल्या लाह्यांसारखी. मग रखमाजी वाकला. त्यानं डोळे चोळले मात्र, नुसती बरसात! लहानपणापासूनची जाग, एकेका गस्तीची, एकेका हाळीची. हंडा काठोकाठ भरला. उडून जाऊ नये म्हणून वर ताट झाकावं लागलं. आवडीनं हंडा डोक्यावर घेतला. म्हाताऱ्यानं खुंटीवरची काठी काढली. "मी पण येतो. तुला एकटीला नाही सोडायचो."

चालत, थांबत, टेकत ते संध्याकाळी घोरोबापाशी पोचले.

"आणलीस का?" डोंगर डोळे मिटूनच म्हणाला.

"झोप नाही आणली," आवडी म्हणाली. "संपली. मी आलेय दगड व्हायला. पण तुमचं भांडं रिकामं कसं आणू? घरात होतं ते घालून आणलंय."

आणि तिनं ताट काढलं. जाग टणाटण उडाली आणि थेट डोंगराच्या पापण्यांवर जाऊन बसली. घुर्र घुर्र बंद. दरडी खडखडल्या. आणि घोरोबानं डोळे उघडले, बरं का. पहिल्यांदाच! त्याच्या खांद्यापलीकडे सूर्य बुडत होता. त्यानं सूर्य कधी पाहिलाच नव्हता.

"अरेच्चा! हे लाल लाल काय?"

"सूर्य आहे तो. रोजच असतो."

"रोज? आणि पायाशी हे दिवे कसले?"

"आमचं गाव आहे," रखमाजी म्हणाला.

"गाव? कधी झालं? मला कुणी उठवलं का नाही?" एवढा मोठा डोंगर, पण अगदी रडवेला झाला. जो तो त्याच्याकडे मागायला आला होता. त्याच्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं. मग तो गावाकडे बघत राहिला. चुलीचा धूर, परतणारी गुरं, अंगणातली पोरं, सगळं डोळे भरून बघत राहिला. त्याच्या पाठीशी पडलेले दगडही जागे झाले. आळोखेपिळोखे देत उठले आणि भूक लागली, भूक लागली करत घरोघरी पळाले.

मग घोरोबा आवडीला म्हणाला, "पोरी, तू भांडं भरून आणलंस. आता मी तरी ते रिकामं कसं देऊ?" आणि त्यानं हंडा झोपेनं काठोकाठ भरून दिला. "ही परत करायची नाही. संपली की ये. येताना मूठभर जाग आण म्हणजे झालं. मला चांदणं बघायचंय." झालं, कर्ज गेलं आणि शेजार जमला.

रखमाजीचे डोळे तर आता रिकामे, हलके हलके. तो काठीवर रेलून पेंगायलाच लागला. तरी सवय कुठं जाते? दचकून म्हणाला, "अरे, पण मी निजल्यावर गावाची राखण कोण करील?"

तेव्हा डोंगर काय म्हणाला, सांगा बघू? त्यानं ती हाळी झोपेत ऐकली होती ना, उभा जन्म. तो हळूच म्हणाला, "नीज रे नीज. मी आहे जागा."

म्हाताऱ्यानं काठी तिथंच डोंगराला टेकवून ठेवली. उभ्या जन्मात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री बाप निजला, आणि खूप दिवसांनी लेकही निजली. सकाळी शेळी ओरडून ओरडून दमली, वैद्यबुवा दारावर थापा मारून दमले, तरी दोघं आपली निजलेली. उपरणं वाचलं म्हणून वैद्यबुवा मनातून खूषच होते.

रखमाजी बरा झाला. पुढं खूप जगला, अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. आवडीच्या डोळ्यांची लाली गेली, आमटीत पुन्हा मीठ पडायला लागलं. सगळी सुखात राहिली. आणि घोरोबा? रोज संध्याकाळी त्याची सावली लांब होत होत गावात येते ना, तीच त्याची झोप. घराघरावर पांघरतो आणि स्वतः बसतो जागा.

छबू झोपली वाटतं. मुकुंदा, तू अजून टुकुटुकु बघतोयस होय? मीट डोळे. निजा रे निजा. मी आहे जागा.