दिव्यावरचं कुंकू

यंत्रं माणसांशी भांडायची त्या काळी माळावरच्या एका शेतात अण्णांचा एक जुना ट्रक होता. दर खंडेनवमीला अण्णा त्याच्या पुढच्या दोन्ही दिव्यांना आणि भोंग्याला हळदकुंकू फासायचे, पण आधीचं कधी पुसायचे नाहीत. थरावर थर चढले आणि उजेड आटला.

एका धुकट पहाटे अण्णा म्हणाले, "मूळचे दिवे म्हातारे झाले. आजच भंगारात घालू."

उजवा दिवा भडकला. "म्हातारा नाही झालो, तुम्हीच आंधळं केलंय मला!"

"गप रे! मोठ्यांशी असं बोलतात?" भोंगा घोगऱ्या आवाजात खेकसला. "मी बसलोच ना कुंकवाखाली गुमान?"

"म्हणूनच तुझा घसा बसलाय, आजोबा! अण्णा, पाया पडणं पुरे. फडकं घ्या!"

अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांच्या सुनेनं, तुळसानं, ओल्या फडक्यानं दोन्ही काचा लख्ख घासल्या आणि बटण दाबलं. धुकं फाडत उजेड थेट ओढ्यापलीकडच्या बाभळीवर जाऊन आदळला.

"अगं, बंद कर! डोळे दिपले!" अण्णा ओरडले.

"सवय करा," दिवा म्हणाला.

पुढच्या खंडेनवमीला अण्णा पूजेचं ताट घेऊन आले. दिव्यानं नुसतं रोखून पाहिलं. अण्णांनी ताट खाली ठेवलं आणि आधी खांद्यावरचा पंचा काढला.